खारपाटातील भाताचे मूळ

पेण शहराच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीपर्यंत आणि रोह्याच्या खालच्या अंगास कुंडलिकेच्या तीरांनी रेवदंड्याच्या खाडीकडे जो सखल, सपाट आणि जवळजवळ वृक्षहीन मुलूख पसरलेला आहे, तो श्रावणात पाहणाऱ्यास क्षितिजापर्यंत एकसारख्या हिरव्या भाताने भरलेला दिसतो, आणि तोच मुलूख वैशाखात पाहिला तर भेगाळलेल्या खाचरांच्या पाठीवर मिठाचा पांढरा थर फुटलेला आढळतो. जमीन तीच, मालक तोच, बांधही तेच. मधल्या काही महिन्यांत पाऊस, भरती आणि ऊन यांनी मिठास खाली-वर हलविलेले असते, आणि त्या हालचालीच्या ऐन मध्यावर, चिखलात वीतभर खोलीवर, भाताचे केसासारखे बारीक मूळ आपले आयुष्य काढीत असते. त्या मुळाच्या पेशींत मीठ आल्यावर नेमके काय घडते, याविषयी गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांतून फार मोलाचे ज्ञान हाती आले आहे. हे ज्ञान खारपाटातील शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारास इतके लागू आहे की ते केवळ शास्त्रज्ञांच्या दप्तरात पडून राहू नये, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

प्रथम या जमिनीची हकीकत सांगितली पाहिजे. पेणच्या वाशी, दादर, शिर्की भागातील किंवा रोहे तालुक्यातील यशवंतखार, धोंडखार येथील शेते ही मुळात भरतीच्या पाण्याखाली बुडणारी खाजणे होती. मातीचे बांध घालून, समुद्रास बाहेर ठेवून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने ती लागवडीखाली आणली गेली. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या जमाबंदीत अशा जमिनींना शिलोत्री म्हणत. सरकार कौल देई, पहिली काही वर्षे साऱ्याची माफी असे, आणि बाहेरच्या बांधाची डागडुजी करण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर राही. या बांधास जागोजाग उघाड्या असतात. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी दार लोटून बाहेर जावे, आणि भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ते दार आपोआप बंद व्हावे, इतकी साधी आणि इतकी शहाणपणाची ही तजवीज आहे. मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, पुढे १९७९ साली महाराष्ट्राने खारजमीन विकास अधिनियम आणला, आणि खासगी बांधांपैकी पुष्कळसे सरकारी खारबंदिस्ती योजनांत आले. तरीही उधाणाच्या भरतीस एखाद्या रात्री बांधाला खांड पडते, खाडीचे पाणी शेकडो एकरांत शिरते, आणि मग त्या शेतांना पुन्हा पिकास योग्य होण्यास दोन-तीन पावसाळे लागतात, हा अनुभव दोन्ही तालुक्यांस नवा नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि त्यातील बहुतांश साधे मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, असते. मातीतील खारेपणा मापण्यासाठी शास्त्रज्ञ ओल्या मातीतून काढलेल्या पाण्याची वीज वाहून नेण्याची शक्ती मोजतात; या मापाने चार एककांच्या, म्हणजे मीटरमागे चार डेसिसायमनच्या, वर गेलेली जमीन खारी समजली जाते, आणि समुद्राचे पाणी याच मापाने पन्नासाच्या आसपास भरते. आता भाताची सहनशक्ती पाहावी. मास आणि हॉफमन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७७ साली निरनिराळ्या पिकांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात जवाची मर्यादा आठ, कापसाची पावणेआठाच्या आसपास, गव्हाची सहा, आणि भाताची अवघी तीन दिलेली आहे. तीनच्या वर प्रत्येक एककामागे भाताचे उत्पन्न सुमारे बारा टक्क्यांनी घटते. म्हणजे जे पीक खारपाटात शतकानुशतके घेतले जाते, ते धान्यांमध्ये मिठास सर्वांत हळव्या पिकांपैकी एक आहे. मग ते तेथे टिकते कसे? ते टिकते, कारण कोकणचा प्रचंड पाऊस मीठ धुऊन खाली दडपतो आणि खाचरात साचलेले गोडे पाणी त्यास वर येऊ देत नाही. पाण्यात उभे राहू शकणारे दुसरे धान्यपीक आपल्याकडे नाही. पाऊस आठ-पंधरा दिवस उघडला, खाचर सुकले, की खालचे मीठ केशाकर्षणाने पुन्हा वर चढते आणि हळव्या मुळास गाठते.

मिठाचा पहिला आघात सोडियमचा नसतो, तो पाण्याच्या तुटवड्याचा असतो. मुळाची पेशी पाणी ओढून घेते ती परासरणाच्या बळावर. तिच्या आतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक दाट असतो म्हणून पाणी आत येते. बाहेरच्या पाण्यात मीठ वाढले की हा फरक कमी होतो, आणि वाहकता दहा एककांवर गेलेल्या मातीत तर मुळास साडेतीन वातावरणांच्या दाबाएवढा जादा विरोध सोसून पाणी ओढावे लागते. खाचरात घोट्याएवढे पाणी उभे असूनही रोप तहानेलेले राहते. ऑस्ट्रेलियातील राणा मन्स या विदुषीने दाखवून दिले की ही तहान पहिल्या काही मिनिटांतच जाणवते, नव्या पानांची वाढ तेव्हाच मंदावते, आणि सोडियमचे विष मागाहून, दिवसांनी किंवा आठवड्यांनी, जुन्या पानांत साठून आपला प्रभाव दाखविते. शेतकरी जेव्हा भाताच्या खालच्या जुन्या पानांची टोके पांढुरकी पडून वाळताना पाहतो, तेव्हा तो या दुसऱ्या आघाताचे दर्शन घेत असतो. पहिला आघात होऊन गेल्याला तोवर बरेच दिवस झालेले असतात.

सोडियम पेशीस इतका घातक का ठरावा, हा खरा मुद्दा. वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशीत पोटॅशियम मोठ्या प्रमाणावर असतो, आणि पन्नासाच्या आसपास विकरे, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, पोटॅशियमच्या उपस्थितीवाचून नीट चालत नाहीत. नवी प्रथिने घडविण्याच्या कार्यासही तोच लागतो. सोडियमचा आयन रूपाने आणि विद्युत्‌भाराने पोटॅशियमशी इतका मिळताजुळता आहे की तो त्याची जागा घेतो, परंतु त्याचे काम करीत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की मुळाच्या पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने ऋण विद्युत्‌भाराचा असतो, आणि हा फरक सव्वाशे ते दीडशे मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. धन भाराचा सोडियम या ओढीने आपसूक आत येतो, त्यास आणण्यास पेशीस काही खर्च नाही. मात्र त्याला बाहेर काढावयाचे म्हणजे प्रत्येक आयनामागे शक्ती खर्च करावी लागते. शिवाय सोडियम आत शिरल्याने तो ऋण भार उतरतो, आणि भार उतरला की आतला मोलाचा पोटॅशियम बाहेर गळू लागतो. आत नको असलेला येतो आणि हवा असलेला निघून जातो, असा दुहेरी तोटा होतो. सोडियम-पोटॅशियमचे हे परस्पर प्रमाणच पुढे रोपाचे भवितव्य ठरविते, असे म्हणण्यास हरकत नाही.

पेशी या संकटापुढे निमूट बसत नाही, आणि तिचा प्रतिकार समजून घेण्यास खारपाटातील माणसाएवढा तयार वाचक दुसरा मिळणार नाही, कारण जे काम त्याचे बांध आणि उघाड्या करतात तेच काम पेशीपटल आणि त्यातील द्वाररूपी प्रथिने करतात: बाहेरचे खारे पाणी बाहेर ठेवावयाचे, आत आलेले ओहोटी पाहून काढून लावावयाचे, आणि जे निघत नाही ते एका कोपऱ्यात कोंडून ठेवावयाचे. फरक इतकाच की उघाडी भरती-ओहोटीच्या जोरावर फुकट चालते, आणि पेशीचे दार चालविण्यास शक्ती लागते.

मीठ आल्याची वर्दी पेशीस कशी मिळते, हे कोडे पुष्कळ वर्षे सुटत नव्हते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगावर असलेले विशिष्ट स्निग्ध रेणू सोडियमला चिकटतात आणि त्यामुळे कॅल्शियमची दारे उघडतात. काही सेकंदांत पेशीत कॅल्शियमची लाट उसळते, आणि तीच वर्दी होय. ही वर्दी पुढे पोचविणारी साखळी जिआन-कांग झू यांनी अमेरिकेत १९९६ पासून पुढील काही वर्षांत मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या लहानशा रोपावर शोधून काढली. मिठात तग न धरणारी सदोष रोपे त्यांनी वेचली, आणि त्यांच्यातील बिघडलेल्या जनुकांवरून मूळ व्यवस्था ताडली. एक प्रथिन कॅल्शियमची लाट ओळखते, ते दुसऱ्यास जागे करते, आणि ते दुसरे पेशीपटलावरील तिसऱ्यास कामाला लावते. हे तिसरे प्रथिन एक प्रोटॉन आत घेऊन त्याच्या मोबदल्यात एक सोडियम बाहेर टाकते. हा प्रोटॉन मात्र आधी बाहेर फेकून ठेवावा लागतो, आणि तो फेकणारा पंप पेशीच्या शक्तीचे चलन असलेले एटीपी जाळतो. मिठाशी झगडणाऱ्या मुळाचा खर्च नेमका येथे होतो, आणि खाऱ्या शेतातील भात ठेंगणा राहतो व त्याला फुटवे कमी येतात, याचे एक कारण हेही आहे.

जो सोडियम बाहेर काढणे शक्य होत नाही, त्यास पेशी आपल्या मध्यभागी असलेल्या मोठ्या रिक्तिकेत कोंडते. या कामाचे प्रथिन टोरांटो येथील एदुआर्दो ब्लूमवाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली रोपांत अधिक प्रमाणात निर्माण करून दाखविले, आणि त्या रोपांची मीठ सोसण्याची शक्ती वाढलेली आढळली. रिक्तिकेत मीठ साठले म्हणजे भोवतालच्या पेशीद्रवातले पाणी तिकडे ओढले जाऊ नये, यासाठी पेशी त्या द्रवात शर्करा आणि प्रोलीनसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठविते. प्रोलीनविषयी पुष्कळ लिहिले जाते; परंतु मीठ न सोसणाऱ्या भाताच्या जातींतही ते भरपूर आढळते, तेव्हा ते एकटे सहनशक्तीचे प्रमाण मानू नये, असे माझे मत आहे. याच सुमारास पेशीत ऑक्सिजनची उग्र रूपे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही द्रव्ये तयार होऊन पेशीपटलाचे स्निग्धांश जाळू लागतात, आणि त्यांचा नायनाट करण्यास काही स्वतंत्र विकरे कामास लागतात. तोही खर्च पुन्हा त्याच मुळाच्या खात्यावर पडतो.

भाताच्या मुळाची दोन खास वैशिष्ट्ये येथे सांगितली पाहिजेत, कारण खारपाटाचा प्रश्न त्यांच्याशी बांधलेला आहे. मुळाच्या आतल्या बाजूस अंतस्त्वचा नावाचा पेशींचा एक वेढा असतो, आणि त्याच्या भिंतींत जलाभेद्य पट्टी असल्याने पाण्यास पेशीतून, म्हणजे तपासणी होऊनच, आत जावे लागते. परंतु भाताच्या मुळास बाजूची उपमुळे फुटतात त्या जागी हा वेढा काही काळ अपुरा राहतो, आणि खारे पाणी तपासणीवाचूनच जलवाहिनीत शिरते. इंग्लंडात ससेक्स विद्यापीठात टिमोथी फ्लॉवर्स आणि अँथनी यिओ यांनी १९८० च्या दशकात हा चोरमार्ग मापून दाखविला. भातात पानांपर्यंत पोचणाऱ्या सोडियमचा मोठा भाग याच वाटेने येतो. पुढे २००६ साली फ्लॉवर्स यांच्याच सहकार्याने झालेल्या प्रयोगांत असे दिसले की रोपास सिलिका पुरविली तर ती मुळाच्या भिंतींत बसून हा मार्ग बराचसा बंद करते. भात हा सिलिका शोषून घेणाऱ्या पिकांत अग्रेसर, आणि भाताचे तूस व पेंढा या दोहोंत ती विपुल असते. तुसाची राख राबात किंवा खाचरात टाकणे हा बिनखर्ची उपाय खारपाटात पद्धतशीर रीतीने वापरून पाहिला पाहिजे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दुसरे वैशिष्ट्य आणखी महत्त्वाचे. जलवाहिनीत शिरलेला सोडियम पानांकडे निघण्यापूर्वी वाटेतच परत काढून घेणारे एक प्रथिन भाताच्या मुळात असते. ते ज्या जनुकावरून घडते, ते २००५ साली शांघाय येथील शास्त्रज्ञांनी शोधले, आणि ते सापडले ते बंगालच्या खाऱ्या मुलखातील नोना बोकरा या जुन्या भातात. केरळच्या पोक्काळी भातातही पहिल्या गुणसूत्रावर त्याच टापूत मीठ सोसण्याचा गुण असल्याचे आढळले आहे. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. बंगालच्या, केरळच्या, गोव्यातील खाजनांत कोरगुट पिकविणाऱ्या आणि आपल्या कोकणातील शेतकऱ्यांनी खाडीकाठी जे भात पिढ्यान्‌पिढ्या निवडून जतन केले, त्यांच्या मुळांत हे दुर्मिळ रसायन आधीपासून नांदत होते. प्रयोगशाळेने त्यास ओळखले, निर्माण केले नाही. आपल्याकडील भुरा रता आणि काळा रता हे उंच वाढणारे, खार सोसणारे जुने भात याच मालिकेतले होत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या बुटक्या, अधिक उत्पन्नाच्या जाती दिल्या; हे केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. खाडीच्या बाहेरच्या बाजूस उभ्या असलेल्या तिवराच्या मुळांविषयी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. जी. व्ही. जोशी यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जो अभ्यास केला, त्याचाही येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. तिवर बहुतांश मीठ मुळाशीच अडवितो आणि उरलेले पानांवाटे बाहेर टाकतो. भातास ही दुसरी सोय नाही.

या सर्व रसायनावरून शेतात काय करावे, हे बरेचसे आपोआप निघते. बी रुजताना भात मीठ बऱ्यापैकी सोसतो, परंतु दोन-तीन पानांचे कोवळे रोप आणि पुढे निसवण्याच्या वेळचे पीक अतिशय हळवे असते. कोवळ्या रोपाची मुळे थोडी, त्यांच्या भिंती अपुऱ्या, आणि खर्चावयास शक्ती कमी. म्हणून रोपवाटिका गोड्या, उंच जमिनीवर करावी, लावणीस थोडे जून आवण घ्यावे, चुडात रोपे नेहमीपेक्षा काही अधिक ठेवावी, आणि पहिल्या जोरदार पावसाचे पाणी खाचरात कोंडून, मीठ विरघळू देऊन, ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून द्यावे. असे एकदा नव्हे, जमेल तितक्या वेळा करावे. पाणी कोंडणे आणि पाणी सोडणे या दोन्ही गोष्टी सारख्याच आवश्यक आहेत, कारण दिवसेंदिवस तुंबलेल्या चिखलात ऑक्सिजन राहत नाही, ऑक्सिजनवाचून मूळ पुरेसे एटीपी बनवू शकत नाही, आणि एटीपी नसले की सोडियम बाहेर काढणारा पंप बंद पडतो. भात आपल्या पोकळ मुळांतून वरची हवा खाली नेतो म्हणून निभावतो. पण त्या निभावण्यासही मर्यादा आहे. गाळाने बुजलेली उघाडी आणि फुटलेला बांध यांत पेशीच्या दृष्टीने फारसे अंतर नाही: फुटलेला बांध मीठ आत आणतो, बुजलेली उघाडी ते बाहेर काढण्याची शक्ती हिरावून घेते.

गोड्या पाण्याची गोष्ट याच ठिकाणी येते. ज्या मुळशीच्या धरणासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून १९२७ पासून कुंडलिकेत उतरते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांनी रोहे आणि माणगाव तालुक्यांतील शेतांस मिळते. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्याव्यात की नाही यावर मतदान केले. ती जमीन ओलिताखाली येणार होती, हे त्या वादाच्या मुळाशी होते. उन्हाळ्यात खारपाटाच्या मातीवरून गोड्या पाण्याचा थर सरकत राहिला तर मीठ वर येण्यास जागाच राहत नाही, आणि हा लाभ कोणत्याही नव्या जातीने मिळणार नाही.

सध्या मीठ सोसणाऱ्या जातींवर सर्व आशा ठेवण्याची वृत्ती वाढत आहे, आणि ती मला योग्य वाटत नाही. उत्तम जातीचे मूळ मातीची वाहकता पाच-सहा असताना पीक वाचवील, कदाचित आठ असतानाही काही पदरात टाकील. बांधाला खांड पडून पन्नास एककांचे समुद्राचे पाणी खाचरात उभे राहिले तर नोना बोकराचे जनुकही त्यास वाचवू शकत नाही, कारण एका पेशीने खर्चावयाच्या शक्तीस सीमा आहे. बांधाची आणि उघाडीची दुरुस्ती उधाणापूर्वी होणे, खांड पडल्यास ती त्याच हंगामात बुजविली जाणे, आणि प्रत्येक खारबंदिस्ती योजनेत बांधाबरोबर उघाडीच्या गाळाचाही हिशेब ठेवला जाणे, एवढ्या तीन गोष्टी ज्यांच्या अखत्यारीत आहेत त्यांनी त्या वेळेवर कराव्यात. पेण आणि रोह्याच्या शेतकऱ्यांनीही आपल्या शेतातील माती दरवर्षी लावणीपूर्वी पनवेलच्या केंद्राकडून किंवा जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी, आणि वाहकतेचा तो एक आकडा पाहून मगच कोणते बी टाकावयाचे ते ठरवावे.